दुधी वाळायची वाट

लोणखेड्याच्या मगनभाऊंनी आयुष्यात स्वतःहून फारसं काही ठरवलं नव्हतं. नोकरी वडिलांनी ठरवली, लग्न मामांनी ठरवलं आणि रिटायरमेंट सरकारनं. त्यामुळे एकसष्टाव्या वर्षी, किराणा दुकानाच्या भिंतीवरचा कागद वाचून त्यांनी एकट्यानं एक निर्णय घेतला, तेव्हा तो अंगाशी येणार हे ठरलेलंच होतं. (सवय नसली की असंच होतं.)

कागदावर लिहिलं होतं, ‘परसबाग मित्र व्हा! घरच्या घरी भाजीपाला लावण्याचं मोफत प्रशिक्षण. पाच शनिवार, शहादा. स्वतः शिका, गावाला शिकवा. चहा, नाश्ता व जेवणाची सोय.’

खरं सांगायचं तर मगनभाऊंची नजर पहिल्या ओळीवरून जी घसरली ती थेट शेवटच्या ओळीवर येऊन टेकली. भुकेचा प्रश्न नव्हता. कुकर लावता येत होता. पण जेवणाची सोय म्हणजे पंगत, आणि पंगत म्हणजे शेजारी बसलेलं माणूस. दिवाळीचे चार दिवस सोडले तर जूनपासून त्यांच्या शेजारी बसून कुणी जेवलं नव्हतं.

जूनमध्ये त्यांची बायको सीमाबाई सुरतला गेल्या. मुलगा धर्मेंद्र तिकडे नोकरीला, सून जागृतीही नोकरीला, आणि नातू येऊ घातलेला. “दीड महिनामा येस,” असं सांगून त्या गेल्या. मग नातवाला कावीळ झाली. मग जागृतीची रजा संपली. मग बाळाला सांभाळायला ठेवलेली बाई सोडून गेली. दीड महिन्याचे सहा महिने झाले.

मगनभाऊ पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात तेहेतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर होते. आता घरात आवकही नव्हती आणि जावकही. सकाळी ते पेपर मोठ्यानं वाचायचे, म्हणजे घरात आवाज होतो. कुकरची तिसरी शिट्टी झाली की “ऐकलं, ऐकलं” म्हणायचे. नवीन सिमकार्ड घ्या म्हणून सांगणाऱ्या मुलींचे फोन लोक कापून टाकतात. मगनभाऊ त्यांना गाव विचारायचे, घरी कोण कोण आहे विचारायचे, जेवण झालं का विचारायचे. एक मुलगी तर शेवटी काकुळतीला येऊन म्हणाली, “सर, तुम्ही कार्ड घेऊ नका, पण आता मी फोन ठेवू का?”

सीमाबाईंचा फोन रोज दुपारी एक वाजता यायचा. बाळ झोपलेलं असायचं, म्हणून त्या हळू बोलायच्या.

“जेवनात का?”

“जेवनू.”

“काय खादं?”

“खिचडी.”

“आज बी खिचडीच?”

“आज मूगनी व्हती. काल तूरनी.”

“बरं. दुधी कसा शे?”

“बरा शे.”

“हिरवा शे का पिवळा पडना?”

“हिरवा शे.”

“मंग आजून टाइम शे,” असं म्हणून त्या फोन ठेवायच्या.

या दुधीचं महत्त्व सांगायला हवं. मागच्या अंगणात सीमाबाईंची परसबाग होती. त्यात न्हाणीच्या छपरावर चढवलेली दुधीची वेल. बी त्यांच्या माहेरचं, सारंगखेड्याचं. पोटाशी गोल आणि मानेशी बारीक असा तो दुधी बाजारात मिळत नाही. दिवाळीला त्या चार दिवस आल्या, तेव्हा वेलीवरचा सगळ्यात देखणा दुधी निवडून त्याच्या देठाला त्यांनी लाल चिंधी बांधली. बियाण्याच्या फळाला चिंधी बांधली की त्याला कुणी हात लावत नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. निघताना बॅग रिक्षात ठेवून त्या म्हणाल्या, “हाऊ वाळना, खुळखुळ वाजाले लागना, का मी येस बी काढाले.”

म्हणजे दुधी वाळला की बायको येणार. इतका सरळ हिशोब मगनभाऊंना सरकारी नोकरीतही कधी भेटला नव्हता. रोज सकाळी दात घासता घासता ते न्हाणीच्या छपराखाली उभे राहायचे आणि दुधीकडे बघायचे. दुधी हिरवागार. त्याला कसलीच घाई नव्हती.

तर अशा मनःस्थितीत मगनभाऊ प्रशिक्षणाला गेले.

हॉलमध्ये बचत गटांच्या एकवीस बाया आणि मगनभाऊ. शिकवायला दानियल सर होते. नवापूरकडचे, शेतकी शिकलेले, धर्मेंद्रच्या वयाचे. त्यांनी प्रत्येकाला ‘आपण का आलात’ असं विचारलं. बायांनी सांगितलं, मुलांना ताजी भाजी मिळावी, विषारी फवारणी नको. मगनभाऊ उभे राहून म्हणाले, “समाजसेवा.” (पंगतीचं नाव घेणं बरं दिसलं नसतं.)

आणि मग पहिल्याच तासाला दानियल सर एक वाक्य बोलले. “वेलीचं पाणी तोडलं की ती नवीन फळं धरायचं सोडते आणि आहे ते फळ पिकवायच्या मागे लागते.”

मगनभाऊंनी वही उघडली. वाक्य जसंच्या तसं उतरवलं, खाली दोन रेघा मारल्या. सर पुढेही काही सांगत होते, ‘पण’ असा शब्दही आला होता. पण मगनभाऊ तोवर मनानं लोणखेड्याला पोचले होते. त्या संध्याकाळपासून वेलीचं पाणी बंद.

दुसऱ्या शनिवारी छाटणी झाली. “जादा पानं काढली की फळाला ऊन लागतं.” मगनभाऊंनी घरी येऊन स्टुलावर चढून पानं काढली. जादा कोणती आणि कामाची कोणती हे वहीत नव्हतं, म्हणून सगळी काढली. आता छपरावर नुसत्या दोऱ्या आणि त्यांना लटकलेला दुधी. बिचारा चारचौघांत धोतर सुटल्यासारखा दिसत होता.

“कसा शे?” सीमाबाईंनी विचारलं.

“ऊन खाई ऱ्हायना,” मगनभाऊ म्हणाले. ते खोटं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी आच्छादन शिकवलं. काळं प्लास्टिक जमिनीवर अंथरलं की ऊब धरून ठेवतं. जमिनीला ऊब मिळते तर दुधीनं काय पाप केलं? थंडी सुरू झाली होती. मगनभाऊंनी काळी पिशवी घेतली, दुधीला मानेपर्यंत घातली आणि वरून सुतळीनं बांधली. घरातून निघताना नातवंडाला टोपरं घालावं, इतक्या मायेनं.

हे चाललं असताना त्यांना गावाला शिकवायचंही होतं. ‘शिकलेलं ज्ञान स्वतःकडे ठेवू नका,’ असं सरांनी सांगितलं होतं. मगनभाऊ वही पिशवीत घालून गल्लीत निघाले. पहिलं घर करमसिंग आबांचं.

करमसिंग आबांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग पान थुंकून म्हणाले, “मगन, मी बारा एकरमा केळी करस, वर पपई. आनि तू माले मेथी शिकाडशी? तुन्हा हातले तं आजपावत शाईशिवाय काही लागनं नही.”

“तसं नही आबा, वाफ्याची उंची—”

“बठ, चहा पी. वही पिशवीमा ठेव पहिले.”

दोन-तीन घरी असंच झालं. चौथ्या घरी दार उघडायच्या आधीच टीव्हीचा आवाज बंद झाला आणि आत कुणीतरी कुणाला तरी ‘शूऽऽ’ केलं. हे मात्र मगनभाऊंना लागलं. आधी लोक रस्त्यात भेटले तर निदान ‘काय मगनभाऊ, वहिनी कव्हय येतीस?’ एवढं तरी विचारायचे. आता त्यांची कापडी पिशवी दिसली की लोकांना एकदम कामं आठवू लागली. समाजसेवेनं त्यांचा होता नव्हता तेवढा समाजही गेला.

उरली कालीबाई. करमसिंग आबांच्या केळीच्या मळ्यावर ती राखणीला होती. धडगावकडच्या डोंगरातली. नवरा वाहरू गुजरातेत ऊसतोडीला, पोरं आश्रमशाळेत. ती घरात पावरी बोलायची, गावात अहिराणी आणि मगनभाऊंशी दोन्हीच्या मधलं काहीतरी. तिच्या झोपडीला दार बंद करण्यासारखं दार नव्हतं, म्हणून ती सापडली.

मगनभाऊ अर्धा तास बोलले. वाफा, खत, बीजप्रक्रिया. कालीबाई मक्याची कणसं सोलत ऐकत होती.

“आता सांग बरं,” मगनभाऊ म्हणाले, “माठ कधी लावायचा?”

“मी नाय लावत.”

“अगं, लावायला हवा! पालेभाजी आहे.”

“मी नाय लावत, बाबा. तो येतो.” तिनं बोटानं दाखवलं. झोपडीभोवती माठ होता, चवळी होती, वालाचा मांडव होता, मिरची होती, आणि छपरावर दोन-तीन दुधी आपापल्या मर्जीनं वाळत पडले होते. मगनभाऊंनी वहीत लिहिलं, ‘कुटुंबास मार्गदर्शन केले. कुटुंब समाधानी.’ कालीबाईनं त्यांना भाकर आणि वालाची भाजी दिली. समाधानी कोण झालं हे वहीत यायला हवं होतं. पण तसा रकाना नव्हता.

मग ते रोज दुपारचा फोन झाला की मार्गदर्शनाला जाऊ लागले. मार्गदर्शन म्हणजे ते खाटेवर बसायचे आणि कालीबाई काम करायची.

“वाहरू कधी येणार?”

“ऊस सरेल तवा.”

“लवकर सरायला पाहिजे नाही?”

“ऊस मपलं ऐकतो काय?” ती हसली. “सरेल तवा सरेल. आपण आपलं काम करावा.”

परत येताना मगनभाऊंच्या मनात आलं, या बाईची वाट तर आपल्याहून लांब आहे. पण तिनं उसाला कुठं काळी पिशवी घातलीय?

चौथ्या शनिवारी दानियल सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘बियाणं राखणं.’ मगनभाऊ सावरून बसले.

“बियाण्याच्या फळाला कधीही घाई करू नका,” सर म्हणाले. “वेल हिरवी आहे तोवरच बी भरतं. पाणी एकदम तोडू नका. पानं काढू नका, पानंच फळाला पोसतात. आणि फळाला हवा लागू द्या. कोंडलं की सडलं.”

मगनभाऊंचं पेन थांबलं. तिन्ही कलमं त्यांनी पूर्ण केली होती. ज्यांना पास व्हायचं असतं त्यांनी काय करू नये, याची यादीच जणू सर त्यांच्या घरावर नजर ठेवून सांगत होते. त्या दिवशी पंगतीत जिलेबी होती. मगनभाऊंनी घेतली नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, “आप्पा, शुगर शे का?” ते म्हणाले, “नही माय. दुधी शे.”

घरी येऊन त्यांनी पिशवीची सुतळी सोडली. वास आधी आला. मग पिशवी सैल झाली आणि दुधीचा खालचा अर्धा भाग न्हाणीच्या दारात पच्चकन पडला. वरचा अर्धा, लाल चिंधीसकट, वेलीवरच राहिला. त्यातलं बी बघितलं तर पांढरं, लुसलुशीत, पोचट.

मगनभाऊ बादली उपडी घालून तिच्यावर बसले. सहा महिने त्यांनी खिचडी खाल्ली, त्याचं काही वाटलं नव्हतं. पण आता सीमा कशासाठी येणार, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्याचं उत्तर वहीत कुठंच नव्हतं.

एक वाजता फोन वाजलाच. (शनिवारचा फोन प्रशिक्षणामुळे चुकला होता, म्हणून हा रविवारचा.)

“दुधी कसा शे?”

खरं सांगायला तोंड उघडलं आणि मगनभाऊंच्या तोंडून निघालं, “वाळना.”

“काय सांगतस! वाजस का?”

“वाजस... थोडा थोडा.”

“मंग सांजले व्हिडिओ लावस. दखाडा माले.”

मगनभाऊ तडक मळ्यावर. कालीबाईच्या छपरावरचे दुधी अजून अर्धे ओले होते, पण झोपडीत खुंटीला जुन्या दुधीचा एक वाळलेला तुंबा टांगलेला होता. पोटाशी गोल, मानेशी बारीक. हलवला तर खुळखुळ वाजला. त्यात तिनं पुढच्या सालाचं बियाणं राखेत घालून ठेवलं होतं आणि तोंड शेणामातीनं लिंपलं होतं.

“एक दिवस दे,” मगनभाऊ म्हणाले.

“बियाणं हाय त्यात, बाबा.”

“हात नाही लावत. नुसतं टांगायचंय.”

“कुठं?”

“वेलीला.”

कालीबाईनं त्यांच्याकडे बघितलं. वाळलेला तुंबा वेलीला परत टांगणारा माणूस तिनं पहिल्यांदाच बघितला असावा. पण चारचारदा विचारायचा तिचा स्वभाव नव्हता. “फोडू नको,” एवढंच म्हणाली.

संध्याकाळी उजेड आहे तोवर मगनभाऊंनी तुंबा सुतळीनं वेलीला बांधला, लिंपलेल्या तोंडावर लाल चिंधी गुंडाळली आणि मोबाइल अगदी जवळ धरला, म्हणजे आजूबाजूचं काही दिसू नये.

“हलाडा बरं.”

त्यांनी हलवला. खुळखुळ सुरतला पोचली.

“अव माय!” सीमाबाई इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की मागे बाळ जागं झालं. “भलता लवकर वाळना! मी मंगळवारे येस.”

फोन ठेवल्यावर मगनभाऊंनी आनंदात घर झाडायला घेतलं. मग हातात झाडू घेऊन मध्येच थांबले. सीमा येणार म्हणजे बी काढणार. म्हणजे तुंबा फोडणार. हा विचार त्यांना तोवर आलाच नव्हता. (आवक झाली की जावकही होते, हे तेहेतीस वर्षं केलेल्या माणसाला!) पण मग त्यांनी युक्ती काढली. काढू उद्या, काढू परवा, आज तू दमलीस, आज अमावास्या आहे. तुंबा टांगलेला आहे तोवर सीमा घरी आहे. एक दिवस एक दिवस करत आठवडा निघेल. युक्ती इतकी झकास होती की त्या रात्री त्यांनी खिचडीत तूप घातलं.

मंगळवारी ते शहाद्याच्या स्टँडवर बस यायच्या दोन तास आधी जाऊन बसले. सीमाबाई उतरल्या. वाळल्या होत्या थोड्या. रिक्षात मगनभाऊंनी बोलायला सुरुवात केली, तर सहा महिन्यांचं सगळं एकदम दाराशी आलं आणि बाहेर पडलं ते एवढंच, “बस लेट व्हती का?”

घरी येऊन त्यांनी पाण्याचा तांब्या आणेस्तोवर सीमाबाई विळा घेऊन मागच्या अंगणात पोचल्या होत्या.

“आगं, पानी पे! दमनी व्हशी! आज अमावास्या शे!”

“आज षष्ठी शे,” सीमाबाई म्हणाल्या आणि वर बघून थांबल्या. वेलीला एक पान नव्हतं. काड्या काळ्या पडल्या होत्या. त्यांनी मगनभाऊंकडे बघितलं, मग दुधीकडे, मग त्याच्या देठाकडे.

“ओ, दुधीले सुतळी कव्हयपासून फुटाले लागनी?”

“आधार... आधार दिन्हा व्हता. प्रशिक्षणमा शिकाडं.”

सीमाबाईंनी विळ्यानं सुतळी कापली. तुंबा त्यांना वाटला त्याच्या चौपट जड होता. हातातून निसटला आणि खालच्या धुण्याच्या दगडावर धाडकन फुटला. राखेचा असा ढग उठला की दोघंही क्षणभर दिसेनासे झाले. ढग खाली बसला तेव्हा सीमाबाईंच्या भुवया पांढऱ्या होत्या आणि दगडाभोवती मका, चवळी, वाल आणि उडीद पसरले होते.

त्यांनी खाली वाकून मक्याचा एक दाणा उचलला.

“दुधीना पोटमा मका?”

मगनभाऊ खोकत म्हणाले, “हायब्रीड व्हई.”

सीमाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि बादली उपडी घालून तिच्यावर बसल्या. मगनभाऊंना वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. घरात आवाज झाला असता. शेवटी त्यांनीच सगळं सांगितलं. पाणी, पानं, पिशवी, पच्चकन.

“पन कसाले?” सीमाबाईंनी विचारलं. “तो वाळताच ना आपला आपला!”

“लवकर वाळना, तं तू लवकर येशी म्हनी.”

धुण्याच्या दगडावर एक चिमणी येऊन उडीद टिपू लागली. दोघांनीही तिला हाकललं नाही.

“तुम्हले काय वाटनं,” सीमाबाई हळू आवाजात म्हणाल्या, जसं बाळ शेजारी झोपलेलं असावं, “मी दुधीकरता येणार व्हतू?”

“तूच सांगं व्हतं ना.”

“मंग काय सांगू? जागृतीले सांगू, का घर नवरा एकटा शे, माले करमत नही? या वयमा? पोरगं काय म्हनी? बी काढनं शे सांगं, तं कोनी काही इचारत नही.” त्यांनी राखेतली चवळी एका बाजूला सारली. “मी बी रोज फोनवर त्यालेच इचारू. वाळना का, वाळना का.”

मगनभाऊंना काही बोलायचं होतं. पण त्याच वेळी अंगणाच्या दारात कालीबाई उभी राहिली. तुंबा न्यायला आली होती. तिनं फुटक्या खापऱ्या बघितल्या, पांढऱ्या भुवयांची बाई बघितली, आणि मगनभाऊंना विचारलं, “टांगला व्हता ना?”

“टांगला होता,” मगनभाऊ म्हणाले. “ही माझी बायको. हिनं काढला.”

नवऱ्यानं अनोळखी बाईसमोर पहिल्याच भेटीत आपल्यावर ढकललं, हे सीमाबाईंनी तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं. त्या उठल्या आणि कालीबाईचा हात धरून म्हणाल्या, “माय, चुकी व्हयनी. बठ. एक दाना जावू देत नही.” आणि दोघी जणी सुपं घेऊन राखेत बसल्या. मका इकडे, चवळी तिकडे. त्या बसल्या त्या बसल्याच. कालीबाईनं सांगितलं की राख कडुनिंबाच्या लाकडाची असली तर कीड लागत नाही. सीमाबाईंनी सांगितलं की सारंगखेड्याला त्यांची आई वांग्याचं बी भिंतीला शेणात थापून ठेवायची. मगनभाऊंनी तीनदा चहा केला. दोघींनी तिन्ही वेळा घेतला आणि तिन्ही वेळा त्यांच्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी दानियल सर मगनभाऊंची परसबाग पाहायला आले. पाचव्या शनिवारच्या आधी ते प्रत्येकाच्या घरी जात होते. मगनभाऊंनी घाबरत दार उघडलं. सरांनी मेलेली वेल बघितली, वहीतल्या दोन-दोन रेघा मारलेल्या ओळी बघितल्या, आणि त्यांना सगळं उमजलं. भला माणूस होता. म्हणाला, “भाऊ, तुमचं अक्षर फार सुंदर आहे.”

मग त्यांचं लक्ष अंगणात गेलं. कालीबाई आपल्या दुधीचं मागच्या सालचं बी घेऊन आली होती आणि सीमाबाई ते निवडत होत्या. सर तिथंच जमिनीवर बसले. तासाभरानं त्यांनी स्वतःची वही काढली. निघताना म्हणाले, “काकू, धानोऱ्याला महिलांचा गट आहे. आणखी चार गावं आहेत. पंधरा दिवस याल का सांगायला? कालीबाईंनाही घेऊन या, मळ्यावरून निघता आलं तर.”

सीमाबाईंनी लगेच सुरतला फोन लावला. “धर्मा, आयक. मन्हं आते येनं व्हत नही. शिबिर शे. माले शिकाडाले बलायेल शे. हा, सरकारी शे का काय माहीत, पन साहेब सोता घर ऊना व्हता. पंधरा दिन तरी लागतीन.” फोन ठेवून त्यांनी मगनभाऊंकडे बघितलं. दुधीपेक्षा हे कारण भारी निघालं होतं.

पण शिबिर म्हणजे सीमाबाई सकाळी नऊला बाहेर, संध्याकाळी पाचला घरी. पहिले दोन दिवस मगनभाऊंनी पुन्हा एकट्यानं पेपर मोठ्यानं वाचला. तिसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी चढवली आणि सीमाबाईंच्या बियांची पिशवी उचलली.

“तुम्ही कोठे?”

“पिशवी जड शे,” मगनभाऊ म्हणाले.

पिशवीत पाव किलोसुद्धा बी नव्हतं. सीमाबाईंची परतीची गाडी पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी होती, आणि त्या दोघांनाही ती तारीख पाठ होती.

धानोऱ्याला समाजमंदिराच्या ओट्यावर पंचवीस-तीस बाया जमल्या होत्या. सीमाबाई बोलायला उभ्या राहिल्या आणि मगनभाऊंना आपली बायको इतकं बोलते हे छत्तीस वर्षांनी कळलं. ते बाजूला भिंतीशी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, पण तीस माणसांच्या मधे बसून आपल्याकडे कुणी बघत नसलं तर ते वेगळं असतं, त्यात करमतं.

मग पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं हात वर केला.

“बाई, समदं समजनं. पन हाऊ बाबा कोन शे? सकायपासून नुसता बठेल शे.”

सगळ्या बायांच्या माना भिंतीकडे वळल्या. सीमाबाईंनीही मागे वळून बघितलं. क्षणभर त्या विचारात पडल्या. मालक म्हणावं, तर इतक्या बायांसमोर लाज वाटली असावी.

“हाऊ ना?” त्या म्हणाल्या. “बागमा काय करानं नही, ते दखाडाले आनेल शे.”

मगनभाऊ उठून उभे राहिले, टोपी नीट केली, आणि मागच्या बायांनाही दिसावं म्हणून दोन पावलं पुढे सरकले.